पावसाच्या वाटेतला दिमाख

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे, कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ओळखले जाणारे गाव ज्या रत्नागिरी जिल्ह्यात येते, तेथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. सपाट गच्ची, दोन मजले उंचीची काचेची भिंत, छत नसलेला अंतर्गत चौक आणि आधाराविना पुढे झेपावणारा सज्जा ही सध्याच्या आलिशान बंगल्यांची मानचिन्हे तपासून पाहायची, तर अशा प्रदेशाइतकी कठोर कसोटी दुसरी नाही.

यांतील गच्चीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. सपाट स्लॅबवरील पाणी वाहून जावे म्हणून कोबा घालताना त्याला ढाळ, म्हणजे एका बाजूला हलका उतार, द्यावा लागतो. परंतु दर्शनी रेषा सरळ दिसावी या हट्टापायी पन्हाळ कठड्याआड लपवली जाते, तिच्यात पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबते आणि स्लॅबच्या बारीक भेगांतून झिरपून आतल्या सळ्यांना गंज चढवते. मग काही वर्षांत त्याच गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याची शेड घातली जाते. ज्या उतरत्या छपराला जुनाट म्हणून नाकारले होते, तेच अशा रीतीने अधिक कुरूप होऊन आणि दुप्पट खर्चाने परत येते.

हा दोष केवळ कोकणातल्या हौशी मालकांचा नव्हे. ल कॉर्बुझिए या विख्यात वास्तुविशारदाने पॅरिसजवळ पॉइसी येथे बांधलेले, १९३१ साली पूर्ण झालेले व्हिला साव्हॉय हे घर आधुनिक वास्तुकलेचा आदर्श मानले जात असले, तरी त्याचे सपाट छप्पर गळत असल्याच्या तक्रारी मालकिणीला वारंवार कराव्या लागल्या. फ्रँक लॉइड राइट यांनी अमेरिकेत धबधब्यावर उभारलेल्या फॉलिंगवॉटर या घराचे कॅन्टिलिव्हर सज्जे, म्हणजे एकाच टोकाला आधार असलेले सज्जे, इतके झुकले की २००२ साली त्यांना नव्याने बळकटी द्यावी लागली. अलोऱ्याच्या परिसरात तर या मोहावर भूकंपाचाही अंकुश असायला हवा, कारण ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला ६ हून अधिक तीव्रतेचा धक्का बसला होता, आणि लांब टांगते सज्जे व खांबांवर उचललेला मोकळा तळमजला ही हादऱ्यांत घराची कच्ची अंगे ठरतात.

याचा अर्थ कोकणाला दिमाख वर्ज्य होता असा नाही. ब्रह्मदेशातून हद्दपार झालेल्या थिबा राजासाठी रत्नागिरीत १९१० च्या सुमारास उभा राहिलेला राजवाडा थाटाचाच आहे. मात्र त्याची छपरे उतरती आहेत आणि शोभा लाकडी कोरीवकामात आहे. सामान्य घरांतही जांभ्याच्या भिंतींवर कौलांचे छप्पर बरेच पुढे काढले जाई, पडवीला पावसाळ्यात माडाच्या झापांचा आडोसा बांधला जाई आणि घरधन्याची हौस वळचणीखालच्या कोरीव खांबांवर व झोपाळ्यावर फिटे. आजच्या काही बंगल्यांत त्याच जांभ्याच्या पातळ फरशा सिमेंटच्या भिंतीवर चिकटवून पारंपरिकतेचा आव आणला जातो (भिंत जाडजूड दिसते, असत मात्र नाही), आणि तिच्या शेजारच्या पश्चिमेच्या काचेतून येणारा उष्मा निवारण्यासाठी वातानुकूलन यंत्रे चालवली जातात.

दिखाऊपणा हा मुळात दोष नसून, तो पावसाच्या वाटेत मांडणे हा दोष आहे. म्हणून कोकणात मोठे घर बांधू पाहणाऱ्याने दर्शनी भागाच्या रंगीत चित्राबरोबर गच्चीचा ढाळ, पन्हाळीचा मार्ग आणि उंचावरची काच पुसण्याची सोय दाखवणारा नकाशाही वास्तुविशारदाकडे मागावा, आणि त्याने पूर्वी बांधलेली घरे मे महिन्यात न पाहता जुलैत पाहावीत.