म्हादईचं पाणी समुद्रात ‘वाया’ जातं, म्हणजे नेमकं कुठं जातं?

कळसा-भांडुराचा विषय निघाला की सीमाभागात एक वाक्य हमखास ऐकू येतं, पाणी तर समुद्रात वायाच जातंय. मलप्रभेच्या खोऱ्यातला दुष्काळ आणि नविलुतीर्थ धरणावर अवलंबून असलेली हुबळी-धारवाडची तहान पाहिली की हे वाक्य पटतंही. लवादानं ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिलं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. निवाडा कुणालाच पुरेसा वाटला नाही आणि तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. या सगळ्या आकडेमोडीत ‘वाया’ या शब्दाचा हिशोब मात्र राहून जातो.

खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलपट्ट्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात सत्तरीतून पुढे गेली की मांडवी होते. तिचं खालचं पात्र इतकं सपाट आहे की भरती मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. जुलै-ऑगस्टच्या पुरात पणजीजवळही वरचं पाणी जवळपास गोडं होतं, आणि मे महिन्यात त्याच जागी समुद्रासारखं खारं. गोड्या-खाऱ्याची ही हद्द वर्षभर मागे-पुढे सरकत असते. ती कुठं थांबेल हे वरून येणारं पाणी ठरवतं.

या सरकत्या हद्दीवर बरंच काही जगतं. कोळंबीचंच घ्या. मादी अंडी घालते समुद्रात. इवलीशी पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, खारफुटीच्या मुळांत काही महिने वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. समुद्रातल्या अनेक मोठ्या शिकारी माशांना कमी मिठाचं पाणी सोसत नाही, म्हणून तिथं पिल्लांना आसरा मिळतो. खायला असतो सह्याद्रीतून वाहून आलेला पालापाचोळा, गाळ आणि त्यावर पोसलेले सूक्ष्मजीव. चोणक उलटं करतो. वाढतो खाडीत नि गोड्या पाण्यात, अंडी घालायला मुखाकडे येतो. तिसऱ्या आणि कालवं तर हलतच नाहीत, पाणीच त्यांच्याकडे यावं लागतं. चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यातली खारफुटीही याच मिसळीवर उभी आहे.

खाजन शेती हा याच पाण्याचा माणसानं बसवलेला मेळ. मातीचे बांध घालून खाडीलगतची जमीन राखायची आणि बांधात ‘मानस’ म्हणजे लाकडी दारं बसवायची. भरतीच्या दाबानं दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. वीज नाही, मोटर नाही. पावसानं मातीतलं मीठ धुतलं गेलं की कोरगुट हा खारट जमिनीत तग धरणारा भात घ्यायचा, कापणीनंतर तिथंच मासळी धरायची.

टीएमसीचा आकडा वर्षाच्या बेरजेचा असतो, खाडी मात्र महिन्याच्या रोकडीवर चालते. वर्षाची उलाढाल कागदावर चांगली दिसली तरी मार्च-एप्रिलमध्ये गल्ला रिकामा असेल तर दुकान बंदच राहतं. जुलैच्या महापुरातून उचललेलं पाणी आणि फेब्रुवारीच्या बारीक धारेतून उचललेलं तेवढंच पाणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळी पुराचंही काम असतंच. तो गाळ आणतो, मीठ धुतो. पण पुराचा प्रवाह इतका मोठा असतो की त्यातला थोडा भाग कमी झाल्यानं खाडीला बसणारा फटका तुलनेनं लहान. उन्हाळ्यातली धार मात्र खानापूरच्या जंगलातल्या झऱ्यांवर जगते. ती आटली की खारं पाणी वर सरकतं आणि आधी विहिरींत, मग शेतात पोचतं.

म्हणून कोणत्याही वळवण्याच्या योजनेला किती टीएमसी याच्या आधी विचारायचा प्रश्न आहे तो कोणत्या महिन्यातलं पाणी, हा. आणि त्याचं उत्तर मोजायचं ठिकाण कणकुंबीत जितकं आहे तितकंच चोडणच्या फेरीधक्क्यावरही आहे.