तो खरा की तोतया?

भोर तालुक्यातल्या आंबवड्याला ओढ्यावरचा झुलता पूल ओलांडला की दाट झाडीत नागेश्वराचे जुने देऊळ लागते. त्याच परिसरात शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. भोर संस्थानच्या या मूळ पुरुषाने १७०७ साली इथे स्वतःच आपले जीवन संपवले. कसे, याच्या कथा वेगवेगळ्या आहेत. पण त्यामागचे कोडे एका घरातले होते : परत आलेला माणूस खरा की तोतया?

१६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा संभाजीराजांचा मुलगा शाहू सात वर्षांचा होता. मोगलांच्या कैदेतून तो परतला तो पंचविशीत. मधल्या अठरा वर्षांत महाराष्ट्रात त्याला पाहिले होते कोणी? ताराबाईंनी सांगून टाकले, की हा शाहू नव्हेच. गादीवर त्यांचा मुलगा होता. पुतण्या खोटा ठरणे त्यांच्या सोयीचे होते. धनाजी जाधव खेडच्या लढाईत शाहूला मिळाले, म्हणजे त्यांच्यापुरता निकाल लागला. शंकराजींनी मात्र ताराबाईंशी इमान राखण्याची शपथ घेतलेली. पुढे शाहूची आज्ञा आली. शपथ मोडवेना आणि छत्रपतींच्या खऱ्या वारसाविरुद्ध शस्त्रही धरवेना, असा पेच त्यांना पडला, असे परंपरा सांगते. शाहूने नंतर त्यांच्या तान्ह्या मुलाला, नारो शंकर याला, सचिवपद दिले. भोरचे घराणे टिकले ते त्यामुळे.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड, आणि तिथून पुढे कोकणची दमट किनारपट्टी. सुमारे सत्तर वर्षांनी हेच कोडे त्या किनाऱ्यावर उलट्या बाजूने उभे राहिले. तिथे खऱ्याला खोटे म्हटले गेले नाही. खोट्याला खरे मानले गेले.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. शिर नसलेले एक धड त्यांचे म्हणून ओळखले गेले. पण त्यावर सर्वांचा विश्वास बसला नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई, माहेरच्या पेणच्या कोल्हटकर, रणातून जिवंत परतल्या. पण त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. कुंकू पुसले नाही. ज्यांच्या घरची माणसे पानिपताहून परत आली नव्हती, त्यांना त्या कुंकवाचा केवढा आधार वाटला असेल! भाऊ जिवंत असतील, तर आपलाही माणूस कुठेतरी असेल.

अशा वेळी उत्तरेकडून एक जण आला आणि मीच भाऊ म्हणू लागला. तो सुखलाल नावाचा कनोजा ब्राह्मण. माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि किल्ल्यांवर कैदेत राहिला, शेवटी रत्नागिरीला. प्रकरण तिथेच मिटायचे. पण १७७६ उजाडले तेव्हा पेशवाईच्या गादीवर दोन वर्षांचे मूल होते, राघोबादादा फितूर होऊन इंग्रजांकडे गेले होते आणि कारभारी आपसात धुसफुसत होते. रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्यालाच धनी करून बाहेर काढले. कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती आले, हजारोंची फौज जमली आणि तोतया बोरघाटापर्यंत येऊन धडकला. पुणे तिथून किती दूर? नाना फडणिसांनी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना पाठवले. राजमाचीच्या बाजूला तोतयाचा मोड झाला. तो होडीने मुंबईकडे इंग्रजांच्या आश्रयाला निघाला, पण कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडले. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने ही हकिकत घरोघर नेली.

बंगालमध्ये भावलच्या संन्याशाचा दावा असाच गाजला. १९०९ मध्ये मेला असे मानलेला राजकुमार संन्याशाच्या वेषात परतला. त्याच्या पत्नीने त्याला शेवटपर्यंत ओळख दिली नाही. न्यायालयांनी मात्र, थेट १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, तो खराच असे म्हटले.

तोतयाच्या चेहऱ्याची आपण फार चर्चा करतो. पाहायला हवेत ते ओळख पटवणाऱ्यांचे चेहरे. ताराबाईंना शाहू खोटा हवा होता, म्हणून खोटा. परांजप्याला कैदी भाऊ हवा होता, म्हणून भाऊ. दोन्हीकडे साक्षीपेक्षा गरज मोठी ठरली. आणि त्या गरजेची किंमत बहुधा तिसऱ्यानेच मोजली : आंबवड्यात शंकराजींनी एका दिवसात, तर पुण्यात पार्वतीबाईंनी बावीस वर्षांत. तोतयाला शिक्षा झाली, बंड मोडले, दप्तर बंद झाले; तरी त्यांनी कुंकू उतरवले नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या, त्या सौभाग्याचे लेणे लेऊनच.

आंबवड्याच्या झाडीत उन्हाळ्यातही गारवा असतो. समाधीपाशी उभे राहिले की तो जुना प्रश्न पुन्हा ऐकू येतो. दारात आलेला माणूस खरा की खोटा, हे ठरवण्याआधी आपल्याला तो कोण असायला हवा आहे, हे आपण स्वतःला विचारतो का?