चित्रफीत उतरवून घेणे

पूर्वी एखादा ग्रंथ हवा असला, म्हणजे तो ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे जाऊन माणसे पोथी उतरवून घेत. आज ज्या क्रियेला आपण डाऊनलोड म्हणतो तिलाही मला हाच शब्द बरा वाटतो. कारण दोन्हींत मूळ प्रत जागच्या जागी राहते आणि तिच्यासारखी दुसरी आपल्या घरी येते. ती नुसती 'तिच्यासारखी' असते की अक्षरशः तीच असते, एवढाच काय तो प्रश्न.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे चित्रण 'फोर-के'मध्ये करविले. छायाचित्रकाराने पंधरा दिवस चालणारा एक दुवा पाठवून दिला. घरच्या सर्वांनी तो मोबाइलवर उघडला, सोहळा पाहिला, संतोष पावले. वर्षाने वडील गेले. चित्रण पुन्हा पाहावे म्हणून दुवा उघडला तो केव्हाच बंद पडलेला, आणि छायाचित्रकाराने डिस्क रिकामी करून तिच्यावर दुसऱ्यांची लग्ने भरलेली! यात दैवाचा खेळ असा, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन करविलेल्या अशा चित्रणाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, करविणाराच असतो. म्हणजे हक्क होता, प्रत नव्हती.

पाहिले म्हणजे आपल्याकडे आले, ही समजूत का चुकते ते थोड्या गणिताने कळेल. फोर-के चित्राच्या एका चौकटीत आडवे ३८४० आणि उभे २१६० बिंदू असतात. एकूण ८२,९४,४००, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. प्रत्येक बिंदूला ३ बाइट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबाइट आणि तासाला सव्वादोन टेराबाइट होतात. एवढे ओझे कोणी वाहत नाही. म्हणून कॅमेराच प्रथम कात्री चालवितो. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक जितका सूक्ष्म कळतो तितका रंगातला कळत नाही. तेव्हा चार-चार बिंदूंना मिळून रंग एकदाच नोंदतात आणि निम्मा भार तेथेच उतरतो. पुढची काटकसर याहून चतुर आहे. वडील भाषण करीत आहेत, ओठ आणि हात हलत आहेत, पण मागची भिंत हललेली नाही; मग ती दर चौकटीत नव्याने कशाला लिहायची? बदलले तेवढेच लिहितात. अशा रीतीने कित्येक कॅमेऱ्यांतून सेकंदाला १०० मेगाबिटांचा प्रवाह निघतो. (आठ बिटांचा एक बाइट. इंटरनेट विकणारे बिटांत बोलतात आणि डिस्क विकणारे बाइटांत. गिऱ्हाइकाचा गोंधळ उडतो तो येथे.) तासाभराच्या चित्रणाचे हे ४५ गिगाबाइट झाले, आणि १०० मेगाबिटांच्या जोडणीवर ते उतरायला निदान तासभर लागणार.

आपण दुव्यावर बोट ठेवून जे पाहतो ते बहुधा हे ४५ गिगाबाइट नव्हेतच. सेवा देणारे एकाच चित्रणाच्या लहानमोठ्या अनेक प्रती करून ठेवतात, आपल्या जोडणीचा वेग बघून त्यांतली परवडणारी प्रत तुकड्यातुकड्यांनी धाडतात, आणि पाहून झालेले तुकडे पुसले जातात. संदेशातून आप्तांना पाठविलेली चित्रफीत तर वाटेत पुन्हा पिळून निघते. एकदा गेलेला तपशील मागाहून बिंदू वाढवून परत येत नाही. जो येतो तो यंत्राचा तर्क.

म्हणून दुवा आला की तो टेबलावरच्या संगणकावर उघडावा, शक्य तर तारेच्या जोडणीने, आणि 'डाऊनलोड'ची आज्ञा देऊन मूळ फाइलच घ्यावी. पडदा चालू असताना त्याचे चित्रण करून घेणे म्हणजे पोथी ऐकून आठवणीने लिहिणे होय. आधी डिस्कवर जागा पाहावी. पेन ड्राइव्हवर नेताना पुष्कळांची फाइल ४ गिगाबाइटांशी अडते. ड्राइव्ह बिघडलेला नसतो, त्याची मांडणी 'फॅट-३२' या जुन्या पद्धतीची असते आणि तिच्यात याहून मोठी फाइल मावतच नाही. 'एक्सफॅट' मांडणी केली की अडचण सरते, मात्र मांडणी बदलताना आतले सारे पुसले जाते हे लक्षात असावे.

अर्धवट उतरलेली फाइल कित्येकदा पहिली दहा मिनिटे नीट चालते आणि माणूस फसतो. जुने लेखक पोथीच्या शेवटी बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून ग्रंथसंख्या लिहीत, म्हणजे काही गळले असल्यास कळे. तशीच येथे दोन्हीकडील बाइटांची संख्या ताडून पाहावी. सार्वजनिक संग्रह पुष्कळदा 'शा-२५६' नावाची चौसष्ट चिन्हांची खूणही देतात; एक बिट बदलला तरी ती खूण पार निराळी येते. या बाबतीत यंत्र लेखकाहून सरस आहे. त्याची नजर ओळीवरून घसरत नाही.

सराव करावयाचा तर अ‍ॅम्स्टरडॅमच्या ब्लेंडर फाउंडेशनचा 'टिअर्स ऑफ स्टील' (२०१२) हा बारा मिनिटांचा चित्रपट फोर-केमध्ये मोकळेपणाने उतरवून घेता येतो. वर्गणीच्या सेवांचे 'डाऊनलोड' मात्र वेगळे. ते त्यांच्याच कुलपात राहते आणि वर्गणी संपली की उघडत नाही.

उतरविलेली फीत जुन्या संगणकावर अडखळली तर घाबरू नये. २०१३ पासूनची 'एचईव्हीसी' ही संक्षेपपद्धती उलगडण्याची सोय त्या यंत्राच्या चिपमध्ये नसते, एवढेच त्याचे कारण. पाहण्यापुरती लहान प्रत वेगळी काढावी, मूळ फाइल दुसऱ्या डिस्कवरही ठेवावी, आणि मगच छायाचित्रकाराला त्याची डिस्क रिकामी करायला सांगावे.