गावातच राहिलेल्या बाई

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळेत सदऱ्याचं बटण लावायला शिकवताना बाई शेवटापासून सुरुवात करतात. बटण काजातून जवळजवळ पार करून ठेवतात. मुलानं ते फक्त ओढायचं. बटण लागतं, आणि लावलेलं असतं त्याच्या हातानं. एवढं जमलं की त्याआधीची पायरी: बटण काजातून ढकलायचं, मग काज धरायचं, मग बटण चिमटीत पकडायचं. यात कधी आठवडे जातात, कधी महिने. मध्ये आजारपण आलं किंवा मे महिन्याची सुट्टी पडली, की दोन पायऱ्या मागे यावं लागतं. बाई वहीत तारीख घालतात आणि पुन्हा सुरुवात करतात.

खरी अडचण पुढे येते. वर्गात दहाची नोट बिनचूक ओळखणारा मुलगा वाण्याच्या दुकानात गोंधळतो. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं या मुलांना फार जड जातं. त्यामुळे नोटेचा पाठ दुकानात आणि बसचा पाठ बसथांब्यावरच घ्यावा लागतो. तिथे मुलगा पैसे काढेपर्यंत वाण्यानं थांबायला हवं, कंडक्टरनं दटावता कामा नये, मागच्या गिऱ्हाइकानं धीर धरायला हवा. ही माणसं कुणासाठी थांबतात? ज्या बाईंना ती वर्षानुवर्षं ओळखतात, ज्यांच्या भावाबरोबर शाळेत होती, त्यांच्यासाठी. गावात टिकून राहणं हा या शिक्षणाचा निम्मा अभ्यासक्रम आहे, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रातल्या या शाळांची मुळंही घराघरांतच सापडतात. होरमसजी आणि दीना वकील या दांपत्याची मुलगी जय हिला डाउन सिंड्रोम होता. तिच्यासाठी 1944 मध्ये मुंबईत त्यांनी सुरू केलेलं काम आज शिवडीच्या जय वकील शाळेत चालतं. पुण्यात 1964 मध्ये सिंधुताई जोशी यांनी कामायनी उभी केली. नाशिकच्या रजनी लिमये यांनी स्वतःच्या मुलाला वाढवता वाढवता 1977 मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं आणि आपल्याच शहरात हे काम रुजवलं. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आला 1992 मध्ये, अपंग व्यक्तींचा पहिला मोठा कायदा 1995 मध्ये. म्हणजे कायद्यानं दखल घेण्याआधीच या मंडळींनी शाळा चालवून दाखवल्या होत्या. लोक मात्र आजही या कामाला 'सेवा' म्हणून हात जोडतात आणि त्यामागच्या ज्ञानाची विचारपूस करत नाहीत. याचा मला राग येतो.

2011 च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेल्या सुमारे 15 लाख व्यक्तींची नोंद झाली. ही मुलं मोठी होतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो 6 ते 18 या वयासाठी. अठरा उलटल्यावर काय? म्हणून अनेक विशेष शाळांना जोडून कार्यशाळा निघाल्या. दिवाळी तोंडावर आली की तिथे पणत्या रंगतात, उटण्याच्या पुड्या भरल्या जातात, आकाशकंदील चिकटवले जातात. पुडीत उटणं किती भरायचं हे सगळ्यांनाच वजनावरून कळत नाही. मग डब्याला रंगीत रेघ मारतात. रेघेपर्यंत भरलं की झालं. बटणासारखंच हेही कुणीतरी त्या एका हाताकडे, त्या एका नजरेकडे नीट पाहून ठरवलेलं असतं.

आईवडील थकले की प्रश्न येतो, "आमच्यामागं हिचं कसं?" 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो, आणि त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. पण अर्ज भरायला सांगायचं कुणी? भावाला आणि वहिनीला समोर बसवून बोलायचं कुणी? बहुतेक ठिकाणी ते बाईच करतात, कारण त्या घरात त्यांचं येणंजाणं मुलगी पाच वर्षांची असल्यापासूनचं असतं. हे काम त्यांच्या सेवापुस्तकात कुठे नोंदलं जात नाही.

डिसेंबर 2022 मध्ये राज्यानं दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, ही चांगलीच गोष्ट. या विभागानं निदान एवढं करावं: निवृत्त होणाऱ्या प्रत्येक विशेष शिक्षिकेच्या शेवटच्या वर्षी तिच्यासोबत त्याच तालुक्यातली एक तरुण शिक्षिका पगारावर नेमावी. घरं, दुकानं, बसथांबे, समितीची वाट, सगळं तिला बाईंबरोबर फिरूनच कळेल.