कडा, पीस आणि दुःख

पोर्तुगालच्या लिस्बन शहरापासून २५-३० किलोमीटरवर सिंत्रा नावाचे टुमदार गाव आहे. गावाच्या डोक्यावर गर्द झाडीचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर एक राजवाडा. त्याचा एक भाग हळदीसारखा पिवळा, दुसरा गेरूसारखा तांबडा. कुठे मूर धाटणीच्या कमानी, कुठे घुमट, कुठे बुरूज. दिवाळीतल्या किल्ल्याला मुलांनी हवे ते रंग फासावेत, तशीच ही मौज!

या राजवाड्याचे नाव ‘पेना’. आजच्या पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ पीस असा होतो आणि दुःख असाही. (आपण खिशाला लावतो ते पेनही मूळचे लॅटिनमधले पीसच!) मग हा पिसाचा महाल म्हणायचा की दुःखाचा? वाचकहो, दोन्ही नव्हे. जुन्या पोर्तुगीजमध्ये ‘पेना’ म्हणजे खडक, कडा. त्याचे आजचे रूप ‘पेन्ह’. गोव्याच्या वाचकांना ते परके नाही. मांडवीकाठी ब्रिटोना येथे ‘पेन्ह द फ्रान्स’ चर्च आहे, त्याच्या नावातही हाच कडा आहे. सिंत्राच्या कड्यावर पूर्वी मेरीमातेचे प्रार्थनामंदिर होते. ती ‘कड्यावरची माता’ आणि तिचेच नाव पुढे महालाला मिळाले.

सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मॅन्युएल याने तेथे मठ बांधविला. हिंदुस्थानातून परतणारी वास्को द गामाची गलबते दिसावीत म्हणून हा राजा या माथ्यावरून समुद्र न्याहाळीत बसे, अशी आख्यायिका आहे. पुढे १७५५ च्या भूकंपाने मठ उद्ध्वस्त झाला. प्रार्थनामंदिर मात्र बचावले. १८३४ मध्ये देशातले मठ बरखास्त झाले आणि ते अवशेष बेवारशी पडले.

१८३८ मध्ये ते विकत घेतले राणी मारिया दुसरी हिच्या पतीने, फर्नांदोने. हा जन्माने जर्मन, चित्रकलेचा षोकी. एश्वेगे नावाच्या जर्मन खाणतज्ज्ञाला हाताशी धरून त्याने आपल्या मनातला महाल उभारला. जुना मठ मात्र त्याने पाडला नाही, पोटात सामावून घेतला.

राणी १८५३ मध्ये वारली. १८६९ मध्ये फर्नांदोने एलिझा हेन्सलर या गायिकेशी विवाह केला आणि १८८५ मध्ये मरताना महाल तिच्या नावे ठेवला. देशात गहजब झाला! राजाची वास्तू एका गायिकेची कशी? अखेर १८८९ मध्ये ती सरकारने विकत घेतली.

पुढची कथा राणी अमेलियाची. १९०८ मध्ये तिचा पती आणि थोरला मुलगा एकाच दिवशी मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. १९१० च्या ऑक्टोबरात क्रांती झाली, तेव्हा पेनामध्ये शेवटची रात्र काढून तिने परदेशाची वाट धरली.

कोश सांगतो तो अर्थ ‘कडा’; पण अमेलियाची ती रात्र आठवली की वाटते, ‘दुःख’ हा अर्थही या नावाने मोल देऊनच मिळविला आहे. महालाचे रंगही मधल्या काळात उडून गेले होते; विसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा चढविले गेले. १९९५ पासून सिंत्राचा हा सारा परिसर जागतिक वारसा ठरला आहे. आता तिथे राजे नाहीत, संन्यासी नाहीत. येतात ते तिकीट काढून प्रवासी. कडा मात्र आहे तिथेच आहे.