काका, दिवा लावू नका

रात्रीचा दीड वाजला असेल. वयाप्रमाणे माझी झोप आता सावध झाली आहे. पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात कुणाची तरी चाहूल लागली. मांजर शिरले असेल म्हणून बटणाकडे हात नेला आणि अंधारातून आवाज आला, "काका, दिवा लावू नका."

माझी पुतणी होती. धाकट्या भावाची मुलगी, वय एकवीस. दोन वर्षांपासून शिक्षणासाठी नाशिकला आमच्याकडे राहते. ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. मांडीवर पोळ्यांचा डबा, शेजारी चिवड्याचा डबा आणि साखरेची बरणी. मी दिवा लावला नाही. पण खिडकीतून येणाऱ्या रस्त्यावरच्या उजेडात एवढे दिसले की ती रडत होती, आणि रडता रडता खातही होती.

हे मी तिला विचारूनच लिहितो आहे. "लिहा," म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या घरी तरी दिवा लागेल."

काही महिन्यांपासून आमच्या घरातले डबे लवकर रिकामे होत होते. सौ.चा संशय आधी उंदरांवर गेला, मग माझ्यावर. पुतणीचे नाव मनात येणेच शक्य नव्हते. दिवसभर ती खायचीच कुठे? सकाळी कोरा चहा, दुपारी अर्धी पोळी. रविवारी आम्ही मिसळ खायला निघालो की हिला नेमका अभ्यास आठवायचा. आणि एकच पालुपद, "मी फार जाड झालेय हो!"

माझा उभा जन्म बँकेत आकडे जुळवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. उंची पाच फूट दोन इंच, वजन चोपन्न किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. उत्तर आले २२ च्याही आत. भारतीय प्रौढांचे वजन जास्त मानायचे ते २३ पासून पुढे, असे आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली ठरवले आहे. म्हणजे खाते चोख होते, खातेदाराला मात्र आपण बुडालो असे वाटत होते.

आम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. तिथे समजले ते असे. थोड्या वेळात भरमसाट खाणे, थांबावेसे वाटूनही थांबता न येणे, भूक नसताना खाणे, लाजेपोटी एकटेच खाणे आणि नंतर स्वतःची किळस वाटणे, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने होत राहिले तर तो खादाडपणा नसून आजार समजतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली अशा खाण्याचे वर्णन केले होते. स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत मात्र तो २०१३ साली आला. मला विशेष वाटले ते हे की या व्याख्येत वजनाचा आकडाच नाही. बारीक माणसालाही हा आजार होऊ शकतो.

मग वजनाचा संबंध कुठे येतो? तो काट्यावर कमी आणि मनात जास्त. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे की 'आपण जाड आहोत' अशी समजूत, मग ती खरी असो वा खोटी, अशा खाण्याच्या सोबतीने आढळते. याचे चक्र डॉक्टरांनी आम्हाला समजावले. जाड वाटते म्हणून दिवसभर उपाशी राहायचे. रात्री शरीर आपली वसुली करते. सकाळी अपराधी वाटते, आरशातली मुलगी कालच्यापेक्षा जाड दिसते, म्हणून पुन्हा उपास.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच नाही पडली. आपण ती थट्टेने म्हणतो, पण अमेरिकेत ती जणू प्रयोगाने सिद्ध झाली. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांतले काही जण पोट दुखेपर्यंत खात आणि तरी त्यांचे समाधान होत नसे. आणखी एक नवल म्हणजे हाडे वर आलेली असताना त्यांना स्वतः रोडावल्यासारखे वाटत नव्हते, इतर लोकच लठ्ठ वाटत होते. उपाशी पोट डोळ्यांनाही फसवते.

आणि काट्यालाही फार डोक्यावर घेऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण छापले. वजन-उंचीचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आकडा एकच, देह दोन. मग त्या एका आकड्यावर एखाद्या मुलीने आपली सारी किंमत का ठरवावी?

तिने ती ठरवली, कारण आधी आम्ही ठरवली होती. आता माझा कबुलीजबाब. ती पहिल्यांदा बॅग घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मीच हसत म्हणालो होतो, "अगं, चांगलीच भरलीस की!" माया होती हो त्यात. आपल्याकडे पाहुण्याचे स्वागतच वजनाने होते. 'वाळलीस किती', 'सुटलास की रे', 'आता लग्नाला उभं राहायचं, जरा आवरा'. बोलणारा चहा पिऊन निघून जातो. ऐकणारी ते वाक्य घेऊन आरशासमोर उभी राहते. घरच्यांच्या अशा चिडवण्याचाही या खाण्याशी संबंध दिसून आला आहे, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी मान खाली घातली.

उपचारात औषधापेक्षा बोलण्यावर भर होता. पहिली पायरी अगदी साधी. वेळेवर जेवायचे, तीन-चार तासांहून जास्त उपाशी राहायचे नाही. वजनकाटा आम्ही माळ्यावर टाकला. डब्यांना कुलूप लावायचे नाही, हेही ठरले. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. मधूनच एखादी रात्र वाईट जाते. पण आता ती सकाळी सौ.ला सांगते आणि सौ. काही न विचारता पोहे पुढे करते. ज्यांच्या घरी विचारायला कुणी नसेल, त्यांच्यासाठी सरकारची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा २०२२ पासून आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती गावाहून परतली. दार मीच उघडले. जुनी सवय, जिभेवर वाक्य आले होते. ते गिळले आणि म्हणालो, "ये. गाडीला गर्दी होती का गं?"

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि हसली. तिला सगळे कळले होते.