स्मृतीचा परकायाप्रवेश



भाषेच्या निवृत्त अध्यापकाने संगणकाच्या स्मृतीवर बोलावे, हे काहींना विक्षिप्त वाटेल. निमित्त अगदी घरगुती आहे. नल्लकुंट्यातील आमच्या घरी एकदा दीर्घकाळ वीज गेली आणि बॅटरी संपत आलेल्या माझ्या संगणकाने आपणहून ‘हायबरनेशन’ स्वीकारले. वीज आल्यावर अर्धे टंकलेले वाक्य जसेच्या तसे पडद्यावर उभे राहिले. हे घडले कसे, या कुतूहलाने मला पुढे ओढले.

या अवस्थेला मराठीत ‘शीतनिद्रा’ म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. शीतनिद्रेत प्राण्याचे हृदय मंद का होईना, चालू असते. येथे वीज पूर्ण बंद होते आणि कार्यस्मृती पुसली जाते. शंकर मठाच्या परिसरात राहणाऱ्यांना परकायाप्रवेशाची कथा सांगायला नको. तीच उपमा मला अधिक जवळची वाटते.

लिनक्स प्रणालीचे उदाहरण घेऊ. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ साली आणलेल्या ‘बॉस’ प्रणालीचा गाभाही तोच आहे. स्मृतीची विभागणी सामान्यतः ४०९६ बाइटांच्या पानांत असते; ४ गिगाबाइट स्मृतीत अशी १०,४८,५७६ पाने मावतात. झोपण्यापूर्वी चालू कामे गोठवली जातात आणि वापरातील पानांची प्रत स्मृतीतच काढली जाते. प्रत स्मृतीतच काढण्याचे कारण असे, की पाने थेट डिस्कवर लिहू लागलो तर त्या लिहिण्यानेच स्मृती बदलू लागते. म्हणून सुमारे निम्मी जागा आधी मोकळी करावी लागते. मग ती प्रत, प्रत्येक पानाच्या मूळ स्थानक्रमांकासह, डिस्कवर जाते.

खरा पेच जागे होताना येतो. संगणक सुरू होताच एक नवा गाभा स्मृतीत ठाण मांडतो आणि जुनी पाने परत आणण्याचे काम त्यालाच करावे लागते. समजा, सुटीनंतर मुले वर्गात परतत आहेत. प्रत्येकाला आपलेच बाक हवे. पण सुटीत तेथे बसलेला रखवालदारच त्यांना आत घेणार आहे, आणि तो स्वतः कोणाच्या तरी बाकावर बसला आहे!

यावरची तोड मोठी चतुर आहे. पावेल माखेक, राफाएल विसोत्स्की इत्यादींनी वाढविलेल्या या भागात जुन्या पानांचे सर्व क्रमांक प्रथम वाचून त्यांवर खूण केली जाते. नंतर जागा मागताना खुणेची जागा हाती आली, तर ती ‘असुरक्षित’ ठरते. ती लगेच परत करीत नाहीत, कारण परत केली तर तीच पुन्हा हाती येईल. ती धरून ठेवून दुसरी मागतात. पुढे त्याच क्रमांकाचे जुने पान आले की ते थेट तेथेच बसते. धरून ठेवलेली जागा अशी कामी येते. ज्यांच्या जागी अजून नवा गाभा बसला आहे, ती पाने बिनखुणेच्या ‘सुरक्षित’ पानांत थांबतात. शेवटी एक छोटी आज्ञावली त्यांना मूळ स्थानी उतरविते आणि नवा गाभा पुसला जातो. ती आज्ञावलीही सुरक्षित पानातच असावी लागते. नाहीतर काम चालू असताना ती स्वतःलाच पुसून टाकील. मग संगणक थिजला तर एक वेळ बरे; चुकीच्या स्मृतीनिशी तो जागा झाला, तर डिस्कवरही चूक लिहू शकतो.

मात्र ही व्यवस्था स्मृतीपुरती आहे. मधल्या काळात दुसऱ्या प्रणालीने त्याच डिस्कवर काही लिहिले, तर जागा झालेला गाभा जुन्याच समजुतीने पुढे लिहितो आणि फायलींची मोडतोड होते. हे मला घरातल्या एका उत्साही मुलामुळे कळले. माझा संगणक झोपेत असताना त्याने त्यावरचीच दुसरी प्रणाली सुरू करून काही उतरवून घेतले होते. महानुभाव गद्यावरील एका प्रकरणाच्या टिपा मला पुन्हा हाताने लिहून काढाव्या लागल्या.